गिरजाबाई चुकायची तेव्हा

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मला आत नेलं, तेव्हा तिथल्या मुलीनं माझ्या कानांवर मऊ गाद्यांचं एक यंत्र चढवलं. म्हणाली, आजी, छान बासरी लावलीय, ऐकत पडा, भीती कमी होते. मी म्हटलं, बाळा, मी जन्मभर नर्सची नोकरी केली, मला कसली भीती? म्हटलं खरं, पण माझे हात गार पडले होते आणि ते तिच्या हातात होते, त्यामुळे लपवायला जागा नव्हती. बासरी लागली. स्वच्छ, गुळगुळीत, कुठं दम लागलेला नाही की खाकरणं नाही. अख्खा वेळ तो बासरीवाला एकदाही चुकला नाही, आणि मी पडल्यापडल्या त्याच्यावर चिडत गेले. मनात म्हटलं, अरे, याला कोणीतरी चुकायला सांगा. समोरचा चुकल्याशिवाय माणसाची भीती जाते होय? असला उफराटा विचार माझ्या डोक्यात आला तो गिरजाबाईमुळे. त्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून घरी आले आणि दोन दिवस तिच्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

मी साताऱ्याकडची. एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. नर्सिंगची परीक्षा देऊन बसले होते, आणि नेमणुकीचा कागद आला तो थेट चांदा जिल्ह्याचा. आता चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे म्हणतात, तेव्हा तो सगळा मुलूख मिळून एकच होता. आईनं नकाशा मागवला, त्यात गाव सापडलं नाही, तेव्हा ती रडायलाच बसली. नागभीडला रेल्वेतून उतरायचं, मग धुरळा उडवत जाणारी मोटार, आणि शेवटचे तीन कोस बैलबंडी. वीस खाटांचा दवाखाना, मागं तलाव, पुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यापलीकडे जंगल. वीज नाही, म्हणून ऑपरेशनं सकाळी, पूर्वेच्या खिडकीतून ऊन येईल तेवढ्यात उरकायची. डॉक्टर एकच, डॉक्टर गद्रे. हात देवाचा आणि बोलणं जमादाराचं. "घाबरू नका," असं ते अशा आवाजात म्हणायचे की न घाबरलेला माणूसही घाबरायचा. एटापल्लीकडून तीन-तीन दिवस चालत माणसं यायची, कारण त्या सगळ्या टापूत पोट उघडून पुन्हा नीट शिवणारा तेवढा एकच माणूस होता.

आणि गिरजाबाई. दवाखान्याच्या कागदावर ती 'आया' होती. पेशंटला आंघोळ घालायची, ऑपरेशनची जागा साबणानं घासून साफ करायची, अंगात तो पाठीमागं नाड्या असलेला झगा घालायचा आणि त्याला टेबलापर्यंत चालवत आणायचं, एवढं तिचं काम. जातीनं ढिवर, नवरा तलावात मासे मारायचा. बाई बुटकी, काळी, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, नेसणं घट्ट काष्ट्याचं. कितीही साबण लावला तरी अंगाला मासळीचा बारीक वास. खुर्चीवर ती कधी बसली नाही. भिंतीला पाठ लावून उकिडवी बसायची आणि तिथूनच सगळ्यांवर हुकूम चालवायची. त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखं 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पहिले काही दिवस मला हसू यायचं, पुढं मीच सुट्टीत घरी गेल्यावर आईला "मी भांडी घासतो" म्हणाले आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

माझं पहिलं ऑपरेशन मला अजून दिसतं. एका शेतकरी बाईचं होतं, वय असेल तिशीचं. टेबलावर चढवली तर ती अशी थरथरत होती की खालचं लोखंड वाजत होतं. कंपाउंडरनं नाकावर जाळीचा मुखवटा धरला आणि ईथरचे थेंब सोडायची तयारी केली. डॉक्टरांनी आपल्या त्या आवाजात फर्मावलं, एकपासून शंभरपर्यंत आकडे मोजा. आता जिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तिला अशा वेळी आकडे मोजायला सांगणं म्हणजे मरणाच्या दारात परीक्षाच घेणं. ती अंग ताठ करून श्वासच घेईना. मी नवी, मला काही सुचेना. तेवढ्यात कोपऱ्यातून गिरजाबाई गायला लागली.

गायला लागली म्हणते, पण ते गाणं नव्हतं. रहाटाचं चाक कोरडं पडल्यावर जसं ओरडतं तसा तिचा गळा. ते रोवण्याचं गाणं होतं, म्हणजे धानाचे पऱ्हे लावताना चिखलात वाकून बायका जी म्हणतात त्यातलं. भाऊ बहिणीला माहेरी न्यायला निघतो, वाटेत आधी नदी लागते, मग वड, मग गावची वेस, मग अंगण. एवढीच गोष्ट, पण तिकडच्या प्रत्येक बाईला ती पाठ. गिरजाबाईनं भावाला घरातून काढला आणि एकदम वेशीवर नेऊन उभा केला. नंतर आठवण झाल्यासारखी नदीकडं वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता डॉक्टर हिला हाकलतात. पण टेबलावरच्या बाईनं मान वळवली आणि मुखवट्याच्या आतून कुरकुरत म्हणाली, "आधी नदी लागते नं."

गिरजाबाईनं पुन्हा चुकवलं. वड सोडला. त्या बाईला काही राहवेना. ती स्वतःच म्हणायला लागली, नीट, सुरुवातीपासून. म्हणताना श्वास आपोआप लांब होत गेला, लोखंड वाजायचं थांबलं. कंपाउंडर थेंब सोडत होता. भाऊ नदी उतरला, वडाखाली बसला, वेशीपाशी आला आणि शब्द जड होत होत थांबले. डॉक्टरांनी हात पुढं केला, मी त्यात सुरी ठेवली. नंतर कळलं की ही तिथली रीतच पडून गेली होती. पेशंट गुंगीत गेला की नाही हे डॉक्टर नाडीवरून नंतर बघत, आधी गाणं कुठं थांबलं ते ऐकत.

त्या दिवशी दुपारी मी तिला विचारलं, गिरजाबाई, तुम्ही मुद्दाम चुकता ना? तिनं तळहातावर तंबाखू चोळली, चुना लावला, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मीच काही वेडंवाकडं बोलले असावे. म्हणाली, मले गाणं कुठी येते जी? मी आपली चुकत असतो. यापुढं तिच्याकडून एक शब्द काढता आला नाही. चार वर्षांत मी निदान पन्नास वेळा विचारलं असेल, दर वेळी तीच तंबाखू आणि तीच नजर.

पण तिची तयारी मी पाहिली होती. पेशंट दाखल झाला की ही त्याच्या माणसांत जाऊन बसायची. गाव कुठलं, काय पिकतं, लग्नात काय म्हणता, रोवण्यात काय म्हणता. एकदा एटापल्लीच्या आतल्या जंगलातून एक गोंड म्हातारा आला. गिरजाबाईला गोंडी चार शब्द येत असतील. तर तिनं त्याच्या बायकोला पडवीत गाठलं आणि तिच्याकडून एक गाणं शिकून घेतलं, अर्धा दिवस घासून घासून. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी तिनं त्या गोंडीची अशी काही चिरफाड केली की म्हातारा आधी थक्क झाला आणि मग पोट धरून हसायला लागला. डॉक्टर ओरडले, अहो, पोटच तर कापायचंय, हलू नका. म्हातारा हसत हसत तिला एकेक शब्द दुरुस्त करून देत झोपी गेला.

तिचं आणखी एक होतं. 'घाबरू नको' हे तिनं कधी कोणाला म्हटलं नाही. आम्ही सगळे म्हणायचो, ती नाही. कोणी रडायला लागलं की ती शेजारी उकिडवी बसायची आणि म्हणायची, "घाबर नं बाई. घाबराले कोन मनाई करून राह्यलं? मीबी घाबरतो." लोकांना वाटायचं, ही समजूत काढायला म्हणते. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं.

ते खरं होतं, हे मला तलावावर कळलं. ती दवाखान्याच्या चादरी आपटत होती, पदर बाजूला झाला होता, आणि तिचं पोट पुढं आलेलं मी पाहिलं. पंचेचाळिशीची बाई, मुलं मोठी झालेली. मी थट्टेनं काहीतरी बोलले आणि जवळ जाऊन हात लावला, तर हाताला नारळाएवढा टणक गोळा लागला. तिनं माझा हात झटकला आणि पोटात वारा धरलाय म्हणाली. मी तिला ओढतच डॉक्टरांपुढं नेली. त्यांनी तपासलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून सांगितलं, अंडाशयाला धरून गोळा वाढतोय. आज काढला तर अर्ध्या तासाचं काम. पण पिळला गेला किंवा आत फुटला तर ही बाई एका दिवसात जाईल, आणि तो दिवस कधीचा ते मला सांगता येणार नाही. गिरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावून हाव जी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून लुगडं आणखी घट्ट कसून नेसायला लागली.

तेव्हापासून मी तिच्यामागं लागले. रागावले, रुसले, बोलणं टाकलं. शेकडो लोकांना या टेबलापर्यंत बोट धरून आणणारी बाई स्वतः ते टेबल नुसतं पुसायची. एकदा फारच डोकं फिरलं तेव्हा मी म्हटलं, तुम्ही सगळ्या जगाची भीती घालवता आणि स्वतःची घालवता येत नाही? तिनं हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाली, "मले कोन फसवंल जी, सिस्टरबाई? चुकनाऱ्याची चूक मले आधीच ठाऊक असते." चार वर्षांत गुपिताच्या एवढ्या जवळ ती तेवढीच एकदा आली.

मी एकदा प्रयत्नही केला. पडवीत बसून तेच रोवण्याचं गाणं चुकीचं म्हटलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली की सिस्टरबाई, तुम्ही तर खरंच चुकून राह्यल्या. मी तो नाद सोडला.

हे ऐकून ती फार गंभीर बाई होती असं वाटेल. छे. आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर हर्नियासाठी आले तेव्हाची मजा सांगते. मास्तर शिकलेले, टोपी-कोटातले. त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं, ते तुमचं रोवण्याबिवण्याचं आमच्यापुढं चालणार नाही, आम्ही आकडे मोजू. आणि टेबलावर चढल्यावर घशाला अशी कोरड पडली की एकाच्या पुढं गाडी जाईना. गिरजाबाईला अक्षरओळख नव्हती. पण तलावाच्या वाटेवर शाळा होती आणि रोज जाता-येता पाढे तिच्या कानावर पडत. तिनं आपल्या रहाटाच्या आवाजात, अगदी शाळेच्या चालीत, तेराचा पाढा सुरू केला. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत ठीक आली, आणि मग म्हणाली, तेरा सत्ते ब्याण्णव. मास्तरांनी मुखवटा बाजूला सारला. म्हणाले, एक्याण्णव. तिनं पुन्हा ब्याण्णवच म्हटलं. मग मास्तरांनी पहिल्यापासून म्हणून दाखवला, मग चौदाचा घेतला, आणि पंधराच्या मध्यावर कुठंतरी ते गुंगीत गेले. डॉक्टर गद्रे मुखपट्टीच्या आत हसत होते, कारण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. पुढं महिनाभर मास्तर वाटेत भेटले की गिरजाबाईला थांबवून तेराचा पाढा म्हणायला लावायचे आणि ती सातावर चुकायचीच.

ती नसली की आमची काय दैना व्हायची, तेही एकदा कळलं. पुतणीच्या लग्नाला ती चार दिवस गेली होती आणि एका शेतकऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी विचार केला की गिरजाबाईच्या त्या घोगऱ्या चुकीच्या गाण्यानं एवढा गुण येतो, तर चांगल्या गाण्यानं किती येईल. ते पुण्याचे. त्यांच्या डोक्यात सकाळ, देऊळ, भजन. त्यांनी गावच्या भजनी मंडळाला निरोप धाडला. मंडळी आली, टाळ-मृदंग घेऊन, चेहरे उतरलेले. थिएटरच्या दाराशी उभी राहिली आणि भजन सुरू झालं. पहिला टाळ वाजला मात्र, बाहेर पेशंटच्या बायकोनं आणि वहिनीनं मोठ्यानं हंबरडा फोडला. टेबलावरचा शेतकरी उठून बसला, खाली उतरला आणि झग्यानिशी चालायला लागला. डॉक्टरांना काही उमगेना. तिकडं तिरडीपुढं भजन म्हणत जायची पद्धत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी मंडळाच्या बुवांना विचारलं, अहो, तुम्ही तरी बोलायचं होतं. बुवा म्हणाले, आम्हाला वाटलं, डॉक्टर शहाणा माणूस, हा वाचणार नाही हे त्यांना कळलं असंल, म्हणून आधीच बोलावून ठेवलं.

शेतकऱ्याची बंडी गावाकडं निघाली ती निघाली. योग असा की लग्नाहून परतणारी गिरजाबाई त्यांना वाटेत भेटली. तिनं काय झालं ते विचारलं, ऐकलं, समजूत वगैरे काही घातली नाही. नुसतं मलाही जरा घ्या म्हणून बंडीत मागं चढून बसली आणि गात राहिली. दुपार कलायच्या आत बंडी दवाखान्याच्या फाटकात उभी. तो शेतकरी उतरताना तणतणत होता की या बाईला एक गाणं धड येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पुढं कधी संगीतात हात घातला नाही.

चौथ्या वर्षी थंडीत डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला. होळीनंतर जायचं होतं आणि त्यांच्या जागी येणारा डॉक्टर औषधांचा होता, सुरीचा नव्हता. माझाही कागद त्याच सुमारास आला. गिरजाबाईचा गोळा आता लुगड्यात मावत नव्हता. दोनदा ती पोट धरून पडवीत बसलेली मी पाहिली होती, घामानं निथळत. दोन्ही वेळा उठून पुन्हा कामाला लागली. एके दिवशी तिचा नवरा माझ्या खोलीपुढं आला. केळीच्या पानात चार मासे ठेवले, पायरीवर बसला आणि तलावाकडं बघत राहिला. हा माणूस फारसा बोलायचाच नाही. उठताना म्हणाला, "तिले तुमीच सांगा. माहं नाई ऐकत." मी मान हलवली. माझ्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्याला कसं सांगू? त्या दिवशी मी रडले. मासे शेजारणीला देऊन टाकले.

होळीला बारा-तेरा दिवस असताना पार्बता आली. अठरा-एकोणीस वर्षांची, गेल्या उन्हाळ्यात लग्न झालेली. पायात काटा मोडून हाडापर्यंत पू गेलेला, पोटरी तांबडी होऊन तापलेली. डॉक्टर म्हणाले, उद्या उघडून साफ केला तर पाय वाचेल, चार दिवसांनी कापावा लागेल. पोरगी ऐकेना. खाटेचा गज धरून बसली. नवरा, सासू, सगळे हरले. मग गिरजाबाई गेली, भिंतीला टेकून उकिडवी बसली आणि भावाला घरातून काढून थेट वेशीवर नेलं.

पार्बता तिच्याकडं बघत राहिली. तिनं चूक दुरुस्त केली नाही. म्हणाली, "तुमी जाणूनच चुकता. माह्या मामीनं सांगतलं. तिले असंच निजवलं होतं तुमी."

एवढ्या वर्षांत गावागावातून माणसं येऊन गेली होती, गोष्ट कधीतरी पसरणारच होती. गिरजाबाई थांबली. मी दारात होते. मला वाटलं, ती आता तंबाखू काढील. पण पोरीचं बोलणं संपलं नव्हतं. "तुमच्या पोटात गोळा हाय, सारे म्हनतात. तुमी काऊन नाई निजत त्या टेबलावर? अन् मले निज म्हनता?"

वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरची माणसं ऐकत होती. गिरजाबाई उठली, बाहेर गेली. मी मागं गेले नाही, मला धीर झाला नाही. ती विहिरीवर जाऊन हातपाय धुताना दिसली, मग बराच वेळ नुसतीच काठावर बसलेली दिसली. परत आली ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "उद्या आधी माहं करा जी. मंग त्या पोट्टीचं." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फक्त, रात्रीपासून काही खाऊ नको, एवढंच म्हणाले. मोठ्यानं नाही म्हणाले.

सकाळी नवरा फाटकाशी उभा होता, आत यायला तयार नव्हता. गिरजाबाईनं स्वतःची आंघोळ स्वतः केली, स्वतःचं पोट स्वतः घासलं, झगा घातला. तिच्या पाठीमागच्या नाड्या मी बांधल्या. तिचा एक हट्ट होता की थिएटरचं दार उघडं राहावं. डॉक्टर म्हणाले, माश्या येतील. शेवटी दारावरची झडप तेवढी उघडी ठेवायचं ठरलं. दाराबाहेरच्या बाकावर पार्बता बसली होती, पाय लांब करून. तिला आतलं सगळं ऐकू जावं, एवढ्यासाठी तो हट्ट होता हे मला उशिरा कळलं.

ती टेबलावर चढली आणि पडली. वरून किती लहान दिसत होती. कंपाउंडरनं मुखवटा धरला तसा तिनं माझा हात पकडला, आणि तिची नखं माझ्या हातात रुतली. ती गायला लागली. तोच घोगरा आवाज, पण आता थरथरणारा. बाहेरच्या पोरीसाठी ती गात होती. भाऊ घरातून निघाला. नदीवर आला. नदी उतरला. आणि ती थांबली.

मला वाटलं, नेहमीसारखी चूक करणार. पण ती पुढचं आठवत होती आणि तिला आठवत नव्हतं. डोळे विस्फारलेले, ओठ हलताहेत, आणि शब्द नाही. चार वर्षं मी तिला चुकताना पाहत आले होते. ही पहिली खरी चूक होती. पुढचा शब्द माझ्या तोंडाशी आला. नदीपुढं काय, हे तिच्या हजारदा म्हटलेल्या गाण्यातून भीतीनं पुसूनच टाकलं होतं.

झडपेतून आवाज आला, "वड, मावशी. नदीमांगं वड."

गिरजाबाईनं श्वास घेतला. वड म्हणाली. बाहेरून पार्बता पुढची ओळ म्हणत होती, आतून ही. एकीचा आवाज कोवळा, एकीचा रहाटाचा, आणि दोन्ही एकाच चालीत. वडाखाली भाऊ बसला, पाणी प्याला, उठला. माझ्या हातातली नखं सैल झाली. वेशीपाशी गिरजाबाईचे शब्द जड झाले आणि संपले. डॉक्टरांनी हात पुढं केला नाही. सुरी घेऊन मी उभी. त्यांनी मान वर करून झडपेकडं पाहिलं, कारण बाहेरचं गाणं अजून चाललं होतं. भावाला अंगणात पोचवून, बहिणीच्या हातचं पाणी देऊन ती पोरगी थांबली, तेव्हाच त्यांनी सुरी मागितली.

गोळा निघाला. डॉक्टरांनी तो पातेल्यात ठेवला तेव्हा कंपाउंडरनं आ वासला. तासाभरानं पार्बता चालवत आणली, तर तिनं टेबलावर चढताना एवढंच विचारलं की मावशी शुद्धीवर आली का. तिचा पाय वाचला. गिरजाबाई पेशंट म्हणून अत्यंत वाईट निघाली. पेज पातळ झाली म्हणून भांडली, तिच्या जागी आलेल्या आयेला चादर ओढता येत नाही म्हणून भांडली, टाके दुखतात म्हणून डॉक्टरांवर डाफरली. तिचा नवरा रोज येऊन दारात बसायचा आणि तिचं भांडणं ऐकायचा, अगदी तृप्त चेहऱ्यानं.

होळीनंतर दोन दिवसांनी मी निघाले. बंडी फाटकाशी उभी होती. निरोप घ्यायला वॉर्डात गेले तर तिची खाट रिकामी. टाके नुकते काढलेले, महिनाभर उठायचं नाही असं बजावलेलं. मी तावातावानं शोधायला निघाले, आज शेवटचं तरी बोलून घ्यायचं म्हणून. ती थिएटरच्या बाकामागं सापडली. बाकावर एक बाई बसली होती, डॉक्टर जायच्या आत ऑपरेशन व्हावं म्हणून सकाळीच आलेली, जंगलाकडची. ती तोंडावर पदर घेऊन रडत होती. गिरजाबाई तिच्यापुढं जमिनीवर उकिडवी. गाणं नव्हतं. तिनं आपलं लुगडं थोडं खाली सारलं होतं आणि नव्या व्रणावरून बोट फिरवत सांगत होती, इथून इथवर कापलं बाई, लय दुखलं, खोटं नाई सांगत.

तिनं मला पाहिलं. उठली नाही. हातानंच जा म्हणून खूण केली, कामात असलेल्या माणसानं करावी तशी, आणि पुन्हा त्या बाईकडं वळली. मी हाक मारली नाही. बंडीकडं जाताना एकदा मागं पाहिलं, तेव्हा त्या बाईनं रडणं थांबवलं होतं आणि हळूच एक बोट पुढं करून ती गिरजाबाईच्या पोटावरचा तो व्रण चाचपून पाहत होती.